अंदमानचा नारळ
नारळ फोडल्यावर पाण्याचा गोडसर वास आला की मला कॉलेजची अंदमानची सहल आठवते. वनस्पतिशास्त्राचा आमचा वर्ग मद्रासहून बोटीने गेला होता. येताना बाकीच्यांनी शंखशिंपले घेतले आणि नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत माडांखाली वाढलेल्या मी घेतला मोड आलेला नारळ. बोटीवर उलट्या होत होत्या तरी मांडीवरून खाली ठेवला नाही. घरी आईने कपाळाला हात लावला. "अरे, आपल्या माडांना काय भोपळे लागतात?" बाबा मात्र म्हणाले, "एवढ्या लांबून पाहुणा आलाय, परत कसा पाठवायचा?" आणि त्यांनी कुंपणालगत तो लावला. आज तो माड शेजाऱ्यांकडे असा झुकलाय की नारळ त्यांच्याच अंगणात पडतात. गणपतीत त्यातलाच एक ते आम्हाला देतात आणि वर बजावतात, "जपून फोड हो, अंदमानचा आहे!"