डॅशबोर्डखालची काळी टेप

मी बीडला शाळेत विज्ञान शिकवतो. शॉर्ट सर्किट म्हणजे काय, ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. म्हणूनच हे लिहायला जड जातंय.

नारायणगडाच्या चढाला आमच्या जुन्या कारमध्ये पहिल्यांदा प्लास्टिक जळाल्याचा वास आला. डॅशबोर्डमधला हवेचा पंखा बंद केला की वास जायचा. घरी येऊन डॅशबोर्डखाली हात घातला, तर एका वायरचं आवरण मऊ पडलेलं. मी तिला काळी टेप गुंडाळली, आरशाला मोगऱ्याच्या अत्तराची बाटली टांगली आणि महिन्याभरात गाडी विकून टाकली. वासाबद्दल बोललो नाही.

आमच्याकडे गाडी विकायची म्हणजे किल्ली द्यायची आणि नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करायच्या. फॉर्म भरायचं पुढचा बघेल. पुढचा त्याच्याही पुढच्यावर ढकलतो. त्यामुळे कागदोपत्री मालक मीच राहिलो आणि कंपनीचा मेसेज मलाच आला. या मॉडेलच्या पंख्याची वायरिंग तापून पेट घेऊ शकते, गाडी आणा, फुकट बदलून देऊ. मी मेसेज पुसला. मग पत्र आलं. ते टेबलावरच्या रेक्झिनखाली सारलं. चार-पाच महिने गेले.

पत्र बायकोच्या हाती लागलं.

"ज्याच्याकडं गाडी हाय त्याला कळवलं का?"

"कळवलं," मी म्हणालो.

खोटं अगदी सहज निघालं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मोटारसायकल काढली. गाडी सापडल्याशिवाय माघारी यायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

मी गाडी विकली होती चकलांब्याच्या एका शेतकऱ्याला. तो हसला. "ती तर कवाच दिली, सर. शिरूरच्या फळवाल्याला. तुमच्या सहीचे फॉर्म बी दिलेत, तसेच कोरे."

शिरूर कासारला पोचलो तेव्हा फळवाला दुकानापुढे गाडीतच बसला होता. मागे त्याची मुलगी, दिवस भरत आलेले, तपासणीसाठी बीडला निघालेली. मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.

"ओ, कावून? चोरीची हाय का गाडी?"

"न्हाई. माझ्याच नावावर हाय. आतली वायर पेटू शकते."

मी खिशातलं कंपनीचं पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, वरची तारीख पाहिली. "लई लवकर आलात, सर."

त्याने भावाचा टेम्पो बोलावला. मुलगी टेम्पोच्या केबिनमध्ये बसली, मागे गाडी ओढायला टोचन बांधलं. "स्टेअरिंगवर तुमी बसा," फळवाला म्हणाला. बीडपर्यंत बंद गाडीत मी एकटा होतो, समोर ती अत्तराची बाटली हलत होती.

मुलीला दवाखान्यात सोडून आम्ही वर्कशॉपला गेलो. तिथे म्हणाले, पार्ट नाही, आठवड्याने या, तोवर पंखा न लावता चालवा. मी म्हणालो, गाडी इथून हलणार नाही. मग रोज शाळा सुटली की तिथे जाऊन बाकड्यावर बसायचो. पाचव्या दिवशी पार्ट आला. फळवाल्याला बोलावून घेतलं.

मिस्त्रीने डॅशबोर्ड खोलला आणि जुनी वायर बाहेर ओढली. टेप वितळून तांब्याला चिकटली होती.

"ही टेप कुणी मारली बे?"

"मी तर हात बी लावला न्हाई," फळवाला म्हणाला.

"मी मारली," मी म्हणालो. "विकायच्या आधी. वास यायचा म्हणून अत्तर टांगलं. कंपनीचा मेसेज आला तरी गप्प बसलो."

मिस्त्री वायर ठेवून बाजूला गेला. फळवाल्याने ती वायर उचलून हातात घेतली.

"माझी पोरगी बसायची ह्याच्यात."

"माहीत आहे."

"न्हाई, सर. तवा माहीत नव्हतं तुमाला. कोण बसतंय ते इचारलं बी न्हाई तुमी."

त्याने आरशाची बाटली सोडवून माझ्या हातात दिली. मग कप्प्यातून घड्या पडलेले फॉर्म काढले. "हे आता भरा. पुढची चिठ्ठी माझ्या घरी येऊ द्या."

मी पेन काढलं आणि त्याला पहिल्यांदाच त्याचं पूर्ण नाव विचारलं.