निळी वायर आणि अठ्ठेचाळिसावा पोर्ट

वायरकाकांना कचेरीत खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नकाशे काढून छापणारी ती तीन मजली कचेरी, आणि तिच्या भिंतींतून, छतावरून, टेबलांखालून गेलेली एकूण एक वायर काकांनी स्वतःच्या हातानं ओढलेली. कुठलं सॉकेट कुठे जातं हे झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगतील. बायकोचा वाढदिवस तेवढा विचारू नका.

आणि अशा माणसाला भांडारात खुर्च्या मोजायला बसवायचं घाटत होतं! झालं असं, की कचेरीच्या प्रमुख मॅडमना वरून फर्मान आलं. कुणीही उपटसुंभानं यावं, भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप जोडावा आणि थेट नेटवर्कमध्ये शिरावं, हे बंद. यापुढे प्रत्येक पोर्टनं, म्हणजे वायर जिथे लागते त्या खाचेनं, आधी "तू कोण?" म्हणून विचारायचं आणि उत्तर पटलं तरच आत घ्यायचं. हे करून द्यायला बाहेरची एक कंपनी टपूनच बसली होती. काम तिच्याकडे गेलं की पुढची देखभालही तिचीच. मग काकांचं काय उरलं?

"मी करतो ना," काका म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, तुम्ही वायरी ओढता. हे काम वेगळं आहे."

"चार महिने अभ्यास करतोय, मॅडम. नुसता तळमजला द्या. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन. दोन वाजता एक जरी माणूस अडला, तर मी आपणहून भांडारात जातो."

"शब्द?"

"शब्द."

अभ्यास खराच चालला होता, घरी, जेवणाच्या टेबलावर. समोर बायको. ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्यामुळे कुणी शिकतंय म्हटलं की तिला गप्प बसवत नसे. काका तिला समजावत, "स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी, हा दारावरचा रखवालदार बघ. त्याला स्वतःला काही ठाऊक नसतं. तो येणाऱ्याला नाव विचारतो आणि वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरला म्हणतो, घेऊ का आत? सर्व्हर हो म्हणाला की दार उघडायचं."

"आणि ज्याला बोलताच येत नाही त्यानं काय करायचं?"

बाईंनी बरोबर दुखरी नस पकडली होती. नकाशे छापणारा जुना अजस्र प्रिंटर तसाच मुका होता. अशा यंत्रांचे नंबर काकांनी वहीतून उतरवून सर्व्हरवर वेगळ्या यादीत घातले, म्हणजे नुसता नंबर ओळखून त्यांना आत घेता येईल. त्याच दिवशी बाईंनी खणातून एक निळी चपटी वायर काढली. "ही लागते का हो तुम्हाला?"

"छे! थेट स्विचला जोडायची ती. आता सगळं टेबलावर बसून होतं. ने तुला."

बाईंनी त्या वायरीनं गॅलरीतला वेल बांधून टाकला.

ठरलेल्या दिवशी एकच्या ठोक्याला तळमजला रिकामा झाला. काकांनी आधी दोन पोर्ट करून पाहिले. झकास! पोर्टनं विचारलं, कॉम्प्युटरनं सांगितलं, दिवा हिरवा. काकांच्या अंगात बळ संचारलं. एकेक कशाला? एकाच हुकमात एक ते अठ्ठेचाळीस, सगळे! आणि बोट न उचलता लगेच सेव्ह. ती त्यांची जुनी खोड. एकदा वीज गेली आणि दिवसभराचं काम पाण्यात गेलं, तेव्हापासून हुकूम दिला की सेव्ह.

पडदा गोठला. काकांनी बटण दाबलं, परत दाबलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि तोंडचं पाणीच पळालं.

अठ्ठेचाळिसावा पोर्ट कुणाच्या टेबलाचा नव्हताच. ती वरच्या मजल्यावर, सर्व्हरकडे जाणारी वायर. रखवालदारानं आता आपल्या साहेबालाच दरडावलं होतं, तू कोण? वरून काही उत्तर आलं नाही, म्हणून ती वाट बंद. ती वाट बंद, म्हणजे विचारायला कुणी नाही. विचारायला कुणी नाही, म्हणजे सगळीच दारं बंद. आणि काका स्वतः बाहेर! स्विच बंद करून चालू केला असता तर आधीचं परत आलं असतं, पण सेव्ह केलं होतं ना शहाण्यानं. आता एकच उपाय. निळी वायर थेट स्विचला लावायची आणि त्याच्याशी समोरासमोर बोलायचं.

काकांनी मोबाइलवरून घरी फोन लावला. "अगं, ती निळी वायर..."

"वेलाला आहे."

"सोड ती."

"अहो, कळ्या आल्यात त्याला!"

"अगं, दोन वाजता माझी नोकरी जातेय!"

फोन कट झाला. रागावली बहुतेक, काकांना वाटलं. ते नुसतेच स्विचसमोर बसून राहिले. पावणेदोनला फोन वाजला.

"मी फाटकात उभी आहे. तुमचा माणूस आत सोडत नाही."

काका धावत सुटले. फाटकावरचा रखवालदार, काकांना बावीस वर्षं ओळखणारा, कानकोंडा होऊन उभा. "काका, पाहुण्यांची यादी कॉम्प्युटरवर असते. तो पडलाय बंद. यादी दिसल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"अरे, बायको आहे ती माझी!"

"असतील काका. पण विचारू कुणाला?"

बाईंना हसू आवरेना. "अहो, हा तर तुमचा स्विच!"

शेवटी रखवालदारानं खणातून जुनं कागदी रजिस्टर काढलं. बाई शांतपणे, एकही रकाना न गाळता लिहू लागल्या.

"लवकर गं!"

"अर्धवट भरलेला कागद मी उभ्या जन्मात कुणाचा घेतला नाही. देणारही नाही."

काकांनी न बघताच खाली सही ठोकली, वायर हिसकावली आणि पळाले. वायरीला दोन पानं आणि एक कळी अजून चिकटलेली होती.

वायर लागली. अठ्ठेचाळिसाव्यावरचा प्रश्न काढला. दोनला सहा मिनिटं कमी असताना एकेक दिवा हिरवा होत गेला आणि काकांचा जीव भांड्यात पडला. या वेळी त्यांनी आधी सगळं तपासलं आणि मगच सेव्ह केलं.

दोन वाजता माणसं जागेवर बसली. मुक्या प्रिंटरनं घरघरत नकाशा बाहेर काढला. मॅडम आल्या. "अडलं कुणी?"

"आत्ता नाही. पण मॅडम, चूक झाली माझी. पाऊण तास तळमजला बंद होता."

"ठाऊक आहे. फाटकाला फोन लागत नव्हता." मॅडमनी घड्याळ पाहिलं. काकांना नजरेसमोर खुर्च्याच खुर्च्या दिसू लागल्या. "शब्द दोनचा होता. उरलेले मजले पुढच्या आठवड्यात करा. आणि ती वायर यापुढे कचेरीतच ठेवायची."

संध्याकाळी फाटकावर रखवालदारानं हाक मारली, "काका, वहिनींची जायची वेळ लिहायची राहिली."

काकांनी रजिस्टर उघडलं. गोल, वळणदार, फळ्यावरचं अक्षर. नातं: पत्नी. काम: वायर पोचवणे. शेवटचा रकाना होता, जबाबदारी घेणाऱ्याचं नाव. तिथे काकांचं नाव हवं होतं. बाईंनी लिहिलं होतं, "ह्यांची जबाबदारी माझी." आणि त्याच्याखाली काकांची घाईघाईची सही.

काकांनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, तसे त्यांनी उगाच चष्मा पुसला.

"चुकलंय ना ते, काका? खोडू?"

"खबरदार हात लावलास तर!" काका म्हणाले, आणि वेल बांधायला सुतळी घ्यायला दुकानाकडे वळले.