धाकटा टर्बो

विभावरी दातारने उमेदीची सगळी वर्षं टर्बोचार्जर करण्यात घातली. आधी चिंचवडला, मग म्युनिकला. गेल्या वर्षी कंपनीने तो विभागच गुंडाळला आणि तिला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवण्याच्या कामावर नेमलं. काम वाईट नव्हतं. पण एस-बानमधून, म्हणजे तिथल्या लोकलमधून, घरी येताना पूर्वीसारखं डोक्यात काही घोळत नसे, हे तिला जाणवायचं.

गावाच्या स्की-फेराइनचा, म्हणजे स्की-क्लबचा, माथेस तिचा शेजारी. हिवाळ्यात कुरणांवर लॉइपे, म्हणजे स्कीसाठी बर्फात आखलेले चर, पाडायचं काम त्याचं. चर पाडणारी जड फळी ओढताना फेराइनची स्नोमोबाइल चढावर धापा टाकायची. एका शनिवारी त्याने विभावरीला गॅरेजमध्ये नेलं आणि अभिमानाने एक थोरला टर्बो दाखवला. त्याच्या भाच्याने आल्प्समधल्या उंचावरच्या गाडीवरून काढून दिलेला.

"हा बसवला की उडेल बघ गाडी!"

विभावरीने टर्बो हातात घेतला, बोटाने चाक फिरवलं. "छान आहे. पण आपल्याला नको."

"का?"

"वर हवा विरळ असते, म्हणून इंजिनात ती एवढी कोंबावी लागते. इथे खाली हवा मुळातच दाट. आणि तू जातोस ट्रॅक्टरच्या चालीने. एवढं मोठं चाक वेग घेईपर्यंत तुझा चढ संपलेला असेल. लहान टर्बो पाहिजे, लगेच फिरणारा."

माथेस हिरमुसला. "भाच्याला काय सांगू?"

"सांग, विभाने मोडता घातला."

त्या आठवड्यात ती रोज लॅपटॉप उघडून बसू लागली. "बऱ्याच दिवसांनी तुझं जेवणात लक्ष नाही," तिचा नवरा विनय म्हणाला, आणि त्याला त्याचं बरंच वाटलेलं दिसलं. शेवटी एका छोट्या मोटारीचा, मुठीएवढा टर्बो तिने निवडला. दाबही बेतानेच ठेवला.

जानेवारीत चाचणी झाली. गाडी चढ सहज चढली. माथेस टाळी द्यायला वळला, तेवढ्यात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. इंजिन बंद करावं लागलं.

विभावरी गुडघ्यावर बसून गाडीखाली बघत राहिली. गाडीच्या फिरत्या पट्ट्याने उडवलेला बर्फच या इंजिनाला गार ठेवतो. इथला बर्फ पातळ, टणक. संथ चालीत तो उडतच नव्हता. जास्तीच्या ताकदीबरोबर जास्तीची उष्णता येणार, हे तिने धरलं होतं. बर्फ उडणार नाही, हे धरलंच नव्हतं.

"चूक माझी," ती म्हणाली.

"आल्झो, मग आता?" माथेसने शांतपणे विचारलं.

"आता दाब आणखी उतरवायचा. आणि पुढे पंखा लावून एक रेडिएटर बसवायचा. गार ठेवणं हेच तर हल्ली माझं काम आहे."

बोलता बोलता तिलाच हसू आलं.

पुढच्या रविवारी सकाळी माथेसने चावी तिच्याच हातात ठेवली. मागे तिची लेक तनया बसली. सपाटीवर येताच ती ओरडली, "श्नेलर, ममा! अजून जोरात!"

"नाही गं, चर वाकडे होतील."

चढ आला. इंजिनाचा आवाज क्षणभर बसला, मग खालून सावकाश, भरीव रेटा आला. काटा हिरव्यातच राहिला. वर पोचून विभावरीने मागे पाहिलं. दोन सरळ रेघा कुरणातून खाली गेल्या होत्या, आणि पायथ्याशी एक म्हातारी बाई वाकून स्की पायात चढवत होती.