दत्तानं निवडलेले शेवटचे पॅड

बातमी आली तेव्हा मी रांजणगावला सेकंड शिफ्टला मशीनवर नुकताच उभा राहिलो होतो. दत्ता गेला... आणि मला आधी आठवलं ते हे, की महिन्यापूर्वीच या माणसाशी माझं भांडण झालं होतं. तेही ब्रेक पॅडवरून.

दत्ता माझा कंपनीतला सोबती, कासुर्डीचा. घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली आणि याला वेड गाडी पळवायचं. वर्षातून एकदा आम्ही दोघं त्याची जुनी गाडी घेऊन दक्षिणेतल्या रेसट्रॅकवर जायचो. तिथं सारखे जोरात ब्रेक मारून साधे पॅड तापतात, धूर निघतो, पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. म्हणून कडक पॅड डिकीत न्यायचे, तिथं बसवायचे आणि परतताना पुन्हा साधे. या उस्तवारीत माझा जीव मेटाकुटीला यायचा. पॅड ज्यांना धरतात त्या चाकांमागच्या डिस्क भोकं पाडलेल्या दिसल्या आणि मी हरखलो, की हा म्हणायचा, "दिसाया भारी. पन तापल्यावर तडं जात्यात."

हृदयाच्या दुखण्यातून तो घरी आला, तेव्हा मी पुण्याहून नव्या डिस्क आणि त्याच्या आवडीचे कडक पॅड आणले. त्याला उभारी यावी, एवढंच. त्यानं पॅड हातात फिरवले आणि खोक्यात ठेवले.

"डिस्क ऱ्हाऊ दे. पॅड साधं आण."

"आन् ट्रॅकवर?"

"कडक पॅड गार असताना धरत न्हाईत. आता गाडी मंगल चालवनार. तिचा पाय पडला की थांबली पायजे."

मी चिडलो. आत्ताच हातपाय गाळून बसलास म्हणालो. तो नुसता हसला... शेवटी मीच पॅड बदलून आणले. नवे पॅड डिस्कवर बसायला वेगातून पुन्हा पुन्हा ब्रेक मारावे लागतात. ते त्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी मारले. दत्ता शेजारी बसून "दाब... सोड" म्हणत होता. मागच्या सीटवर मी होतो. तो परत ट्रॅकवर जाणार नाही, हे तिघांनाही कळलं होतं आणि फार वाईट वाटत होतं.

दत्ता गेल्यावर, गेल्या आठवड्यात मी कासुर्डीला गेलो. परतताना वहिनींनी मला यवतच्या स्टँडवर सोडलं. हायवे मोकळा, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते.

"वहिनी, जरा पळवा की."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"भाऊजी, ह्ये पॅड झिजलं की बदलावं लागत्यात ना?"

"व्हय."

"म्हणून हळू चालवते. ब्रेक कमी लागतो."