शुल्क जातं कुठं

आमच्या शेठच्या इमारतींचं विकास शुल्क मी ज्या कार्यालयात भरतो, तिथल्या अधिकारी बाईंना वाक्यागणिक ‘बरं का’ म्हणायची सवय आहे. समोरचा बिल्डर कितीही तापला तरी त्यांचा आवाज चढत नाही. सवलत मागणाऱ्याला त्या आधी पाणी देतात, मग नकार.

परवा शेठ स्वतःच सोबत आले. “दर वेळी शुल्क! जातो कुठं पैसा? ह्यावेळी सोडा, नाय तर तुमची बदलीच करवतो.”

बाईंनी मात्र शांतपणे पर्स उचलली. “चला, दाखवते बरं का.”

शेठच्याच गाडीतून त्यांनी आम्हाला गंगापूरच्या वाटेवर नेलं. पूर्वी जिथं जीपा चिखलात रुतायच्या, तिथं आता रुंद रस्ता होता. शहर बस थांबली आणि तिच्यातून पिशव्या सावरत बायका उतरल्या.

“तुमच्या मागच्या इमारतीचं शुल्क ह्या रस्त्यात हाय, बरं का.”

शेठ गाडीतून उतरून रस्त्यावर चार पावलं चालून आले. “रस्ता लई झ्याक झाला,” ते हळूच म्हणाले. “भरतो आजच. बसा, सोडतो तुम्हाला.”

“नको, तुम्ही व्हा पुढं,” म्हणत बाई परतीच्या बसमध्ये चढल्या. खिडकीजवळची जागा मिळताच त्यांनी इतक्या खुशीत हात हलवला, की शेठनीही गाडीतून हात केला.