मेव्हण्याचं लग्न आणि माझे फोड

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला चार वर्षांच्या मुलांचा आजार झाला.

ज्या मुलीकडून झाला ती आमचीच, चिनू. तेव्हा आम्ही डोंबिवलीत मानपाडा रोडला राहायचो आणि मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. (नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला आजारातलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. तेव्हा कुणी विचारलं नाही, तिथेच घोटाळा झाला!) मेधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, एकुलत्या एका भावाचं, शिरीषचं, लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि नेमका चिनूला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिच्या तळहातांवर लालसर फोड दिसले. मी चष्मा लावून ते पाहिले आणि निदान जाहीर केलं.

"कांजिण्या!"

"अहो, आधी डॉक्टरांना दाखवू या ना," मेधा म्हणाली.

"डॉक्टर काय वेगळं सांगणारेत? मला लहानपणी झालेल्या. मी लगेच ओळखतो!"

तासाभरात मी कडुनिंबाचा डहाळा आणून दाराला लावला, स्वयंपाकघरातली फोडणी बंद केली (कांजिण्यांच्या घरात तेल चुरचुरायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण), जिन्यात भेटेल त्याला बातमी दिली आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून कल्याणला सासरी फोन लावला. सासूबाईंनी बातमी ऐकली आणि लगेच निकाल दिला.

"म्हणजे मेधा लग्नाला येणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या शिरीषला फोड आले तर तो बोहल्यावर उभा कसा राहील?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! घरी येऊन सांगितलं तेव्हा मेधा ओरडली नाही. ती कपाटाशी गेली आणि लग्नासाठी काढलेली जांभळी साडी मुकाट्याने आत ठेवली. तिला दागिन्यांचं, जेवणावळींचं काही अप्रूप नव्हतं. तिला फक्त दार अडवायचं होतं. नवी नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण उंबऱ्यात आडवी उभी राहते, "तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?" असं विचारते आणि वचन घेतल्याशिवाय आत सोडत नाही. शिरीष पाळण्यात होता तेव्हापासून मेधाने ते दार आपल्या नावावर करून ठेवलं होतं. (आम्हाला मुलगा नाही, ही बाब तिला गौण वाटायची.) आणि मी एका फोनमध्ये ते घालवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी चिनू पाणीसुद्धा गिळेना, तेव्हा डॉक्टरांकडे जावंच लागलं.

"कांजिण्या कुणी सांगितल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

मेधाने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, कांजिण्या पोटापाठीवर जास्त येतात. हिचे बघा. तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आत. वेगळा व्हायरस आहे हा, लहान मुलांना होतो. आठवड्यात बरी होईल. गार, मऊ काहीतरी द्या, हात धूत जा, आणि हिचं उष्टं कुणी खाऊ नका."

शेवटचं वाक्य ऐकून मी घसा खाकरला. आमच्या घरी पानात काही टाकायचं नाही असा नियम होता आणि तो पाळणारा माणूस एकच होता. तीन दिवस चिनूने दोन घास खाऊन सोडलेला गुरगुट्या भात, चाटलेलं कस्टर्ड, अर्धवट प्यायलेलं दूध, सगळं मीच संपवलेलं!

"मोठ्यांना होतो का हो?" मी विचारलं.

"क्वचित."

क्वचित म्हणजे आपल्याला नाही, असं मी समजून घेतलं आणि आनंदाने पीसीओ गाठला. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि अट घातली. "चिनूचे वाळले असतील तर या. पण तुमच्यात कुणाला एक जरी नवा फोड दिसला, तर तिघांनीही आल्या पावली परत जायचं. नातं नंतर बघू!" मी शपथेवर कबूल केलं. जांभळी साडी कपाटातून पुन्हा बाहेर आली.

लग्नाच्या दिवसापर्यंत चिनू ठणठणीत झाली. त्या सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतला आणि तोंडात कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. कप खाली ठेवून मी मोरीत पळालो. आरशात बघतो तर जिभेवर चार फोड, टाळूला दोन. तळहातांवर सहा. तळपायांचे मोजले नाहीत, कारण एका पायावर उभं राहणंच जमेना. आता सांगावं, तर मेधाचं दार गेलं! मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत तोंड बंद, हात खिशात आणि पोराबाळांपासून चार हात लांब. आयुष्यात पहिल्यांदाच बायकोसाठी काहीतरी त्याग करतोय, या विचाराने ऊर भरून आला.

लग्न ठाण्याच्या एका हॉलमध्ये होतं. मुलीचे वडील कर्णिक दारातच हात पसरून पुढे आले. "या या, दिलीपराव!" मी हात पाठीमागे घेतले आणि नुसती मान हलवली. कर्णिकांचा चेहरा उतरला. वरपक्षाचा थोरला जावई म्हणजे सांभाळायला नवरदेवापेक्षा अवघड माणूस, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं.

मंगलाष्टकं झाली आणि पंगत बसली. मसालेभात, लोणचं, जिलेबी, मठ्ठा! भुकेने राहवेना म्हणून मी मठ्ठ्याचा एकच घोट घेतला. त्यात वाटलेली हिरवी मिरची होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ताट पुढे सरकवलं. तेवढ्यात जिलेबीचं ताट घेऊन कर्णिक आले.

"काय झालं दिलीपराव? आमचं काही चुकलं का?"

मी जोरात मान हलवली. म्हणजे, काही चुकलं नाही. पण रडवेल्या डोळ्यांचा माणूस भरल्या ताटावरून नाही-नाही करतो म्हटल्यावर कर्णिकांनी काय समजायचं? दोन मिनिटांत पंगतभर कुजबुज पसरली. "जावई रुसले!"

आधी सूटचं कापड आणि नारळ आला. मी मान हलवली. मग चांदीची वाटी आली. मी आणखी जोरात मान हलवली. कर्णिकांच्या भावाने बोटातली अंगठी काढली! (कागदावर लिहून द्यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण लिहिणार काय?) शेवटी माझे सासरे धावत आले.

"दिलीपराव, मानपानाच्या विरुद्ध भाषणं ठोकणारे तुम्ही! शोभतं का हे?"

फोडांपेक्षा हे जास्त झोंबलं. मला तिथे बसवेना. हॉलबाहेरच्या गार फरशीवर पाय टेकवावेत म्हणून लंगडत उठलो, तर मागून ओरडा झाला, "निघाले! जावई निघाले!" आठ-दहा जणांनी मला फाटकाशी गाठलं, काखेत कापड आणि वाटी कोंबली, वरच्या खिशात अंगठी टाकली आणि मिरवत परत आणलं. या सगळ्या गोंधळात मेधा लांबून माझ्याकडे शांतपणे बघत होती. मला वाटलं, बिचारी लाजेने अर्धी झाली असणार.

संध्याकाळी वरात कल्याणला आली. मेधा उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. शिरीषने विनवण्या केल्या, नवरी लाजली, वचन मिळालं, माप ओलांडलं गेलं. मेधा इतकी हसली की मला दिवसभराचं सगळं विसरायला झालं. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. मी सासूबाईंसमोर जाऊन दोन्ही पंजे उघडले.

"हे... बघा!" मी कसंबसं म्हणालो. "रुसलो... नव्हतो!"

तेवढ्यात चिनू आईच्या पदराआडून पुढे आली.

"बाबांना माझेच फोड आलेत! सकाळीच आलेत. आईने सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही!"

मी मेधाकडे वळलो. "तुला... माहीत होतं?"

"तुम्ही चहाचा कप ठेवलात तेव्हाच कळलं."

"मग मला का... नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दहा जणांना सांगितलं असतं!"

कापड, वाटी आणि अंगठी मी पुढच्याच आठवड्यात ठाण्याला जाऊन परत केली. शिरीषचं लग्न मात्र निर्विघ्न पार पडलं, आणि त्याचं श्रेय सासरी आजही भटजींना देत नाहीत, कर्णिकांना देत नाहीत, मला तर नाहीच नाही. ते देतात माझ्या जिभेवरच्या चार फोडांना.