रद्दीतली जर्नलं

मी नववीतून शाळा सोडली. लग्नानंतर कुडाळहून वर्ध्याला आले, तिथल्या पिपरी मेघेत खोली केली, आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. लॅब उघडायची, झाडायची, हजेरीचं रजिस्टर फिरवायचं. काही चुकलं तर इतक्या लांब कुणाकडे जाणार, ही धाकधूक सात वर्षांत गेली नाही.

आमच्याकडे मुलं प्रोग्रॅम आधी जर्नलमध्ये हातानं लिहितात. सर तपासतात, मगच मशीनवर बसायला मिळतं. वर्षअखेरीस मागे राहिलेली जर्नलं रद्दीत जातात. पहिल्या वर्षी विभागप्रमुख सरांना मी भीत भीत विचारलं, एक नेऊ का? ते म्हणाले, "एकच काऊन? सारे घेऊन जा." त्यांचे हे उपकार फिटायचे नाहीत. तीच जर्नलं उतरवून काढत, लॅब रिकामी असली की करून बघत, मी सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. पाच विषयांच्या मार्कांची सरासरी काढायला मला अख्खा हिवाळा लागला. पुढे प्रोग्रॅम थांबेचना झाला की मुलंच हाक मारायची, "मावशी, पाह्य ना व." त्या हाकेसाठी मी लॅबमध्ये रेंगाळायची.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाला कोणती भाषा शिकवायची यावर लॅबमध्येच बैठक बसली. कॉलेज स्वायत्त झाल्यापासून हे इथंच ठरतं. विभागप्रमुख सरांचं म्हणणं, सीशिवाय पाया कच्चा राहतो. नव्या मॅडमना पायथॉन हवी होती. सीला घाबरून मुलं पहिल्याच महिन्यात गप्प होतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सुचवलं, ज्याला काहीच येत नाही अशा कुणाला शिकवून बघू. मी चहा देत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला सी येते हे सरांना माहीत होतं. त्यांनी चहाचा कप उचलला. मीही ते न सांगताच ट्रे ठेवून मशीनसमोर बसले.

मॅडमनी पंधरा मिनिटं समजावलं आणि तीच सरासरी काढायला सांगितली. मला ते लगेच समजलं. चार ओळींचं काम. माझा हिवाळा चार ओळींत मावत होता, आणि जुलैत येणाऱ्या पोरींना तो पहिल्याच तासाला फुकट मिळणार होता. कीबोर्डवरून हात काढून म्हणाले, "नाही जमत."

सर सीच्या बाजूचे, मला जमलं नसतं तर त्यांचंच खरं ठरलं असतं; तरी तेच म्हणाले, "बाई, खरं कर. तुले येते."

मी टाइप केलं. उत्तर आलं. मग सरांनी जर्नलांची हकीकत सांगितली. मॅडम खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "मग तुम्हीच सांगा, सुरुवात कशानं करायची?"

सी म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. सर समोर होते, खोटं निघेना. म्हटलं, "मला आधी ही मिळाली असती, तर बरं झालं असतं."

जुलैपासून पायथॉन सुरू झाली. पहिल्याच तासाला एका पोरीचा प्रोग्रॅम चालला. ती खुदकन हसली आणि पुढच्या प्रोग्रॅमला लागली. मी दारात रजिस्टर घेऊन उभी होते. हाक आली नाही. मॅडम मला शनिवारी शिकवतात, चांगलं शिकवतात, आणि मी त्यांचे आभार मानते. पण त्या पोरींचं हसणं अजून सोसत नाही. जर्नलं घरी कपाटावर तशीच आहेत. गल्लीत रद्दीवाला ओरडला की मी दार लावून घेते.